‘लोकांना कितीही द्या, ते नाराजच’ असं वरच्यांना वाटू लागतं तेव्हा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. तुम्ही चौदा जणांची टीम सांभाळता. गेल्या वर्षी कंपनीची फेररचना झाली, काही लोक कमी केले गेले आणि हे सगळं उरलेल्यांना एका ईमेलमधून कळलं. नंतर बऱ्यापैकी पगारवाढ झाली, कर्मचाऱ्यांसाठी कार्यक्रम झाले, सर्व्हे झाला. तरी ‘नेतृत्वावर विश्वास’ या प्रश्नाचे गुण घसरलेच. टाउन हॉलमध्ये, म्हणजे वरिष्ठांसोबतच्या सगळ्यांच्या बैठकीत, कोणी प्रश्न विचारत नाही आणि तुमच्या टीममधले दोन सर्वांत चांगले लोक राजीनामा देऊन गेले. तुमचे डायरेक्टर म्हणतात, ‘लोकांना कितीही द्या, ते नाराजच असतात.’ तुम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. दोष खरंच नेतृत्वाचा आहे की लोकांच्या अपेक्षाच वाढल्या आहेत? मधल्या पायरीवरून तुम्हाला काय करता येईल? आणि आपणच निघून जायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

कंपन्यांमध्ये जाऊन लोकांशी बोलणं, नाराजीचं मूळ शोधणं आणि ते वरिष्ठांना ऐकवेल अशा भाषेत त्यांच्यापुढे ठेवणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. म्हणून मत आधी सांगून टाकतो. तुमचे डायरेक्टर चुकताहेत. पण ‘वरचे लोकच वाईट’ एवढ्या निदानानेही तुमचं काम भागणार नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत गंभीर वाटली ती टाउन हॉलमधली शांतता. लोक कुरकुर करत असतात तोवर काहीतरी सुधारेल अशी त्यांना आशा असते. ती संपली की ते गप्प बसतात आणि मग निघून जातात. कुठल्याही कंपनीची संस्कृती ओळखायची तर मी एकच गोष्ट बघतो: तिथे वाईट बातमी घेऊन येणाऱ्याचं पुढे काय होतं?

आधी पगाराचं बोलू, कारण वरची मंडळी तिथेच अडकतात. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट यांच्या मुलाखतींवरून एक निष्कर्ष मांडला. कामात समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि असमाधान निर्माण करणाऱ्या वेगळ्या, असं त्याचं म्हणणं होतं. काम स्वतः, त्यातलं यश, मिळालेली दाद, जबाबदारी यांनी माणूस सुखावतो. तो वैतागतो ते बहुतेक वेळा कंपनीच्या धोरणांनी, कारभाराने आणि डोक्यावरच्या साहेबाच्या वागण्याने. हर्झबर्गच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, त्यातली काही रास्तही होती. पण असमाधानाच्या कारणांत कारभार आणि वरिष्ठांची वागणूक सर्वांत वर असते, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की त्यावर शंका घ्यायला मला जागा दिसत नाही. पगारवाढीने पगाराची तक्रार मिटते. तुमच्या लोकांची तक्रार ती नव्हती.

अलीकडे एक आकडा फार फिरतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांमधल्या राजीनाम्यांचा एक अभ्यास आला. कोणत्या कंपनीतून जास्त लोक जाणार याचा अंदाज बांधताना, विषारी संस्कृती हा घटक पगारापेक्षा १०.४ पट प्रभावी ठरतो असं त्यात दिसलं. अभ्यास चांगला आहे. पण ‘म्हणजे पगार महत्त्वाचा नाही’ असा त्याचा अर्थ कोणी काढत असेल तर तिथेच थांबवा. पुरेसा पगार न देता संस्कृतीच्या गप्पा मारणं हा लोकांचा अपमान आहे आणि तो त्यांना बरोबर कळतो.

आता त्या ईमेलकडे येतो. माझ्या मते तुमची गोष्ट तिथे बिघडली.

जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी प्रत्येक वरिष्ठासमोर मांडतो. एका कंपनीची मोठी कंत्राटं गेली होती. माणसं कमी करण्याऐवजी दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी सगळ्यांचा पगार १५ टक्क्यांनी कापायचं ठरलं. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती. एका कारखान्यात कंपनीचे अध्यक्ष स्वतः आले. सुमारे दीड तास बसले, पैशांची परिस्थिती आकडे दाखवून समजावली, हा निर्णय घेताना वाईट वाटतंय हे बोलून दाखवलं आणि प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यात एक उपाध्यक्ष आले आणि पंधरा मिनिटांत निर्णय सांगून निघून गेले. कपात दोन्हीकडे सारखीच, काळही तोच. नंतर कारखान्यातून चोरीला जाणाऱ्या मालाची मोजदाद झाली. चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या होत्या, पण जिथे नीट समजावलं नव्हतं तिथे त्या कितीतरी जास्त होत्या. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाणही तिथेच वाढलं. पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्याही मूळ पातळीला आल्या.

मला यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे: ज्यांना समजावून सांगितलं, त्यांचंही नुकसान तेवढंच झालं होतं. त्यांच्या हातात पैसे कमीच पडत होते. तरी ते वेगळे वागले. माणूस कठीण निर्णय सोसतो. ‘मला कारण सांगण्याइतकीही माझी किंमत नाही’ हे मात्र त्याला सोसवत नाही. तुमच्या कंपनीत ज्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, त्यांना त्याचं कारण एका ईमेलमधून मिळालं, आणि त्यांचे प्रश्न ऐकायला समोर कोणी नव्हतं. नंतरच्या पगारवाढीने ती जखम भरेल असं वरच्यांना वाटलं. लोकांना काय वाटलं असेल? माझा अंदाज आहे की अनेकांना ते गप्प बसण्याचे पैसे वाटले असतील.

‘आमची माणसंच तशी आहेत’ हे वाक्य मी इतक्या बैठकांमध्ये ऐकलंय की त्यासाठी माझ्याजवळ एक ठरलेलं उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना कुप्रसिद्ध होता. दर दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर, हजारो तक्रारी पडून, गाड्यांचा दर्जा खराब, संप ठरलेले. १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. मग टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून त्याच जागी नुम्मी नावाने नवा उपक्रम उभारला आणि १९८४ च्या अखेरीस पहिली गाडी बाहेर पडली. कामगार बहुतांश जुनेच घेतले होते, युनियनही तीच होती. गैरहजेरी थोड्याच काळात काही टक्क्यांवर आली आणि दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या तोडीला पोहोचला.

बदललं काय? बरंच काही: प्रशिक्षण, छोट्या टीम, कामाची आखणी. पण मला त्यातली दोरी सगळ्यांत बोलकी वाटते. जुन्या कारखान्यात गाड्या जुळवण्याची लाइन थांबवणं हा गुन्हा होता. चूक दिसली तरी गाडी पुढे सरकायची आणि दुरुस्ती नंतर व्हायची. नव्या व्यवस्थेत कुठल्याही कामगाराला अडचण दिसली की डोक्यावरची दोरी ओढता यायची, टीम लीडर धावत यायचा, गरज पडली तर लाइन थांबायची. धावत येणारा माणूस मदतीला आलेला असायचा. वाईट बातमी देण्याचा हक्क सगळ्यांत खालच्या माणसाला मिळाला आणि तो वापरल्याबद्दल शिक्षा झाली नाही. १९८८ च्या सुमारास मागणी घटली आणि कारखाना क्षमतेच्या साठ टक्क्यांखाली चालू लागला, तेव्हाही कामगारांना काढलं नाही. त्यांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामांना लावलं. आपल्याला दिलेला शब्द खरा होता, हे लोकांना तेव्हा पटलं.

ही गोष्ट सांगितली की काही मालक लगेच म्हणतात, चला, आपणही दोरी बसवू. जनरल मोटर्सनेही आपल्या इतर कारखान्यांत हे नेण्याचा प्रयत्न केला आणि बराच काळ त्यांना ते जमलं नाही. दोरी टांगणं सोपं आहे. ती ओढणाऱ्यावर मॅनेजर ओरडला की दुसऱ्या दिवसापासून ती भिंतीची शोभा होते. तुमच्या कंपनीत सर्व्हे, सूचनापेटी, टाउन हॉल हे सगळं असेलच. प्रश्न असा आहे की त्यातून काही बोलणाऱ्याचं पुढे काय झालं.

लोक गप्प का बसतात? बहुतेकांना वाटतं, भीतीमुळे. भीती असतेच. अप्रेझलमध्ये फटका बसेल, ‘निगेटिव्ह’ असा शिक्का बसेल, चांगल्या प्रोजेक्टमधून नाव वगळलं जाईल. पण लोकांशी एकेकटं बसून बोलताना मला भीतीपेक्षा जास्त वेळा ऐकू येतं ते ‘सांगून काय उपयोग’. मागच्या सर्व्हेत लिहिलं, त्याआधीच्यातही लिहिलं, काहीच झालं नाही. भीती एखाद्या चांगल्या बॉसमुळे कमी होऊ शकते. ‘उपयोग नाही’ ही भावना मात्र वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेली असते, ती शब्दांनी जात नाही. म्हणूनच उत्तर न देता घेतलेला प्रत्येक नवा सर्व्हे आधीच्यापेक्षा जास्त नुकसान करतो. विचारून दुर्लक्ष करण्यापेक्षा न विचारलेलं बरं, हे मी एचआरच्या लोकांना स्पष्ट सांगतो.

सर्व्हेच्या गुणांबद्दल एक सावधगिरी. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीम औषध देण्यात कमी चुका करत असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या नेतृत्वाच्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथले लोक चुका मोकळेपणाने सांगत होते, बाकी ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. तेव्हा कंपनीतल्या ज्या विभागात एकही तक्रार नाही, त्याचं कौतुक करण्याआधी तिथे जाऊन या. आणि तुमच्या टीमने सर्व्हेत वाईट गुण दिले म्हणून खचून जाऊ नका. त्यांनी निदान ते लिहिलं तरी.

वरच्यांना हे दिसत कसं नाही, असंही तुम्हाला वाटत असेल. खरंच दिसत नाही, यावर विश्वास ठेवा. प्रत्येक पायरीवर बातमी थोडी गोड केली जाते. टीम लीडर म्हणतो ‘हे तारखेला होणं अशक्य आहे’, मॅनेजर म्हणतो ‘अवघड आहे’, त्याचा वरिष्ठ म्हणतो ‘आव्हान आहे’, आणि सर्वांत वर पोहोचतं ते ‘काम चालू आहे’. यात कोणी धडधडीत खोटं बोललेलं नसतं. बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांच्या २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकन संसदेच्या आदेशावरून नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये अहवाल दिला. सुरक्षेच्या संस्कृतीबद्दल वरिष्ठ व्यवस्थापन जे समजत होतं आणि बाकीचे कर्मचारी जे अनुभवत होते, त्यात मोठी दरी असल्याचं त्यात लिहिलंय. तक्रार केली तर आपल्यावर सूड उगवला जाईल अशी शंका कर्मचाऱ्यांना होती, हेही नोंदवलंय. घोषणा होत्या, प्रशिक्षण होतं, कागदपत्रं होती.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचंही तसंच. एका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ उत्पादनं घालायचं टार्गेट होतं. ते गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला, तेव्हा नेतृत्वाचा सूर असा होता की हे काही चुकीच्या लोकांनी केलं, आम्ही त्यांना काढलंय. काढलेल्यांची संख्या ५,३०० च्या आसपास होती. एवढी ‘चुकीची’ माणसं एकाच बँकेत कशी जमली, हा साधा प्रश्न होता. पुढच्या वर्षी बँकेच्याच संचालक मंडळाने करून घेतलेल्या चौकशीने बोट विक्रीच्या दडपणाकडे आणि ते पोसणाऱ्या नेतृत्वाकडे दाखवलं. तुमच्या डायरेक्टरांचं वाक्य ऐकून मला हेच आठवलं. एकटा-दुकटा माणूस नाराज असेल तर त्या माणसाकडे बघावं. विभागच्या विभाग नाराज असेल तर व्यवस्थेकडे बघणं भाग आहे.

आता दुसरी बाजू. ती टाळली तर तुमची दिशाभूल होईल. प्रत्येक नाराजी रास्त नसते. काही लोकांना बदलच नको असतो. काहींनी जुन्या व्यवस्थेत सवलती मिळवलेल्या असतात. काही तक्रारी कँटीनमधल्या गप्पांवरून उचललेल्या असतात. कधी एकाच माणसाचा आवाज एवढा मोठा असतो की तो सगळ्या टीमचा वाटतो. वेगळं कसं करायचं? मी एक प्रश्न विचारतो: ‘असं शेवटचं कधी झालं, काय झालं, सांगा.’ ज्याची तक्रार खरी असते तो मंगळवारची बैठक सांगतो, कोण काय बोललं ते सांगतो. ज्याची ऐकीव असते तो ‘नेहमीच असं होतं’ म्हणत राहतो. तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी न ठरवता तोच प्रसंग सांगितला की मी कागद काढतो.

आणि एक फरक पहिल्या दिवसापासून करा. छळ, लैंगिक गैरवर्तन, जात-धर्म-लिंगावरून भेदभाव, पैशांची अफरातफर या गोष्टी ‘संस्कृती’च्या चर्चेत बसवू नका. कोणी तुमच्याकडे अशी गोष्ट घेऊन आलं तर तारखेसह लिहून ठेवा, अधिकृत समितीकडे किंवा यंत्रणेकडे कसं जायचं ते त्या व्यक्तीला सांगा आणि ‘बघू’ म्हणून विषय पुढे ढकलू नका. हे तुम्ही एकट्याने मिटवायचं प्रकरण नाही, तसा प्रयत्नही करू नका.

मधल्या पायरीवरून काय करता येईल? खूप काही, पण सगळं नाही. मॅनेजरची अवस्था वाईट असते हे मला ठाऊक आहे. वरून आलेला निर्णय आपला म्हणून सांगायचा आणि खालून आलेला राग आपल्यावर झेलायचा. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या जागतिक पाहणीत २०२४ मध्ये मनापासून कामात गुंतलेल्या मॅनेजरचं प्रमाण ३० टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आलं. सर्व कर्मचाऱ्यांचं प्रमाण २१ टक्के होतं. म्हणजे ज्यांनी इतरांना सावरायचं, तेच थकत चाललेत. तेव्हा स्वतःवर जगभराचं ओझं घेऊ नका. तुमच्या चौदा लोकांपुरतं बघा.

त्यांच्याशी एकेकट्याने बोला, पण ‘काय अडचण आहे’ असं मोघम विचारू नका. विचारा: तुमच्या कामात कुठली गोष्ट विनाकारण अडते? मागच्या महिन्यात कुठला निर्णय तुम्हाला समजला नाही? इथून जायचा विचार शेवटचा कधी मनात आला होता? शेवटचा प्रश्न विचारायला धाडस लागतं, पण तो विचारण्याची योग्य वेळ माणूस नोकरीत असतानाचीच. राजीनाम्यानंतरच्या एक्झिट इंटरव्ह्यूत लोक खरं सांगत नाहीत. त्यांना रिलीव्हिंग लेटर हवं असतं, पुढे संदर्भासाठी तुमचंच नाव द्यायचं असतं. ‘चांगली संधी मिळाली’ एवढंच ते सांगणार.

जे ऐकाल त्याची यादी करा आणि ती टीमसमोर उघडी ठेवा. प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक उत्तर असायला हवं: ‘हे मी अमुक तारखेपर्यंत करतो’, ‘हे माझ्या हातात नाही, मी वर पाठवलंय’ किंवा ‘हे होणार नाही, कारण असं आहे’. तिसरं उत्तर देताना मॅनेजर सर्वांत जास्त घाबरतात, आणि विश्वास त्यानेच सर्वांत जास्त बसतो. स्पष्ट नकार आणि त्याचं खरं कारण मिळालं की लोक तो विषय सोडून पुढे जातात. ‘बघतो’ मात्र महिनोन् महिने मनात कुजत राहतं. सुरुवातीला छोट्या गोष्टी निवडा: निरर्थक साप्ताहिक बैठक बंद करणं, तीन सह्यांची मंजुरी एका सहीवर आणणं, सुट्टीच्या दिवशीचे मेसेज थांबवणं. दोन गोष्टी खरोखर झाल्या की तिसऱ्या बैठकीत कोणीतरी मोठी गोष्ट बोलेल. त्या क्षणी तुमचा चेहरा कसा दिसतो यावर पुढचं सगळं ठरेल. लगेच उत्तर देऊ नका, समर्थन तर मुळीच करू नका. आधी ‘हे सांगितलंत ते बरं केलंत’ म्हणा, मग प्रश्न विचारा.

टीमसमोर वरच्यांची टवाळी करण्याचा मोह होईल. त्यातून जवळीक वाढल्यासारखी वाटते, पण टीमला कळतं ते एवढंच की आपल्या मॅनेजरच्या हातातही काही नाही. निर्णयाशी तुम्ही सहमत नसाल तर ‘माझं मत वेगळं होतं, ते मी मांडलं, निर्णय असा झाला, आता आपण हे असं करू’ एवढं म्हणणं प्रामाणिक आहे आणि पुरेसंही आहे.

डायरेक्टरांकडे भावना घेऊन जाऊ नका. ‘लोक नाराज आहेत’ हे त्यांनी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यांना ते ऐकू येत नाही. त्यांच्या भाषेत बोला. दोन माणसं गेली, त्यांच्या जागी येणारे नीट कामाला लागेपर्यंत किती महिने जातील, कोणतं काम किती लांबलं, कोणत्या ग्राहकाने विचारणा केली. मग एकच मागणी करा. मोठी नको. मी असतो तर मागितलं असतं: सर्व्हेत सर्वांत जास्त वेळा आलेल्या तीन प्रश्नांना दोन आठवड्यांत, समोर बसून उत्तरं द्या. फेररचना का केली, पुढे आणखी कपात आहे का, आणि पुढच्या वेळी आम्हाला आधी कळेल का. ‘आणखी कपातीबद्दल आज सांगता येणार नाही, अमुक महिन्यात सांगू’ हेही उत्तर चालतं, जर तो महिना आल्यावर खरंच सांगितलं तर. मात्र कोण काय बोललं हे नावानिशी कधीही वर नेऊ नका. डायरेक्टर सहज विचारतील, ‘कोण म्हणतंय असं?’ त्यावर एकच उत्तर द्या: मी म्हणतोय. एकदा जरी नाव फुटलं तर त्या टीमकडून तुम्हाला पुन्हा काही खरं कळणार नाही.

आणि डायरेक्टर जर ऐकण्याच्या मनःस्थितीत असतील तर त्यांना गेल्या दोन वर्षांतल्या बढत्या काढून बघायला सांगा. भिंतीवर लिहिलेली मूल्यं लोक वाचत नाहीत, बढत्यांची यादी बारकाईने वाचतात. टीमला रडवून टार्गेट गाठणारा वर गेला आणि वेळेवर धोक्याची सूचना देणारा आहे तिथेच राहिला, तर कंपनीने आपली मूल्यं जाहीर करून टाकली. त्या एका बढतीने जे बिघडतं ते वर्षभराच्या कार्यक्रमांनी सुधारत नाही.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिलं होतं की संस्था घसरू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, आवाज उठवणं किंवा निघून जाणं. अडचण अशी की ज्यांना दर्जाची सर्वांत जास्त चाड असते, आणि म्हणून ज्यांचा आवाज सर्वांत उपयोगी पडला असता, तेच आधी निघून जातात. तुमचे दोन लोक तसेच गेले. तुम्ही अजून आहात आणि प्रश्न विचारताय, याचा अर्थ तुमच्यात आवाज शिल्लक आहे. तो वापरून बघा, पण मुदत ठरवून. सहा महिने माझ्या मते पुरेसे आहेत.

त्या काळात गुण किंवा कार्यक्रम बघू नका. तुम्ही डायरेक्टरांपुढे आकडे ठेवल्यावर तुमच्याशी वागणं कसं बदललं ते बघा. आधी ज्या बैठकांना बोलावत होते त्यांना अजून बोलावतात का? मागितलेली उत्तरं आली का? टीममधला कोणी उघड बोलला, त्याच्या पुढच्या रेटिंगचं काय झालं? मदत मिळत नसली तरी शिक्षा होत नसेल, तर थांबून काम करण्यासारखं आहे. आपल्या टीमपुरतं चांगलं काहीतरी टिकवता येतं, आणि त्या चौदा जणांच्या आयुष्यात त्याने फार फरक पडतो. खरं बोलल्याची शिक्षा होत असेल तर थांबू नका. टीमशी खोटं बोलायला सांगितलं, म्हणजे कपात ठरलेली असताना ‘काही होणार नाही’ असं सांगायला लावलं, तर सहा महिन्यांची वाटही बघू नका. आणि झोप उडाली असेल, घरी सगळ्यांवर चिडचिड होत असेल, रविवारी संध्याकाळी छातीत दडपण येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा, मग नोकरीचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद कामाच्या ठिकाणच्या सततच्या, न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था अशी केली आहे. तुमच्या स्वभावातला कमकुवतपणा म्हणून त्याकडे बघू नका.

जायचं ठरलं तर राजीनाम्याचा धाक दाखवून काही मिळवायचा प्रयत्न करू नका. काउंटर ऑफरने, म्हणजे थांबवण्यासाठी कंपनीने देऊ केलेल्या जास्त पैशांनी, पगार वाढेल, ज्या कारणाने निघाला होतात ते तसंच राहील. दुसरी नोकरी हातात येऊ द्या आणि मग नोटीस पिरियड नीट पूर्ण करा. टीमला तुमच्या तोंडून कळू द्या, ईमेलमधून नको. त्यांनी ‘का’ विचारलं तर जेवढं खरं सांगता येईल तेवढं सांगा. जाण्याआधी ती यादी पुढच्या मॅनेजरच्या हातात द्या, प्रत्येक मुद्दा कुठे अडलाय ते लिहून, म्हणजे तुमच्या लोकांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.